छंदाचा रकाना

गेल्या संक्रांतीला शेजारच्या घरून तिळगुळाच्या वाटीबरोबर एक कागदही आमच्या हाती आला. शेजाऱ्यांची कन्या सातवीत शिकते. परगावी भरणाऱ्या एका उन्हाळी गणित-शिबिरासाठी तिचा अर्ज पाठवावयाचा होता, आणि तो संगणकावरून छापून घेतलेला होता. नाव, जन्मतारीख, शाळा, परीक्षांतील गुण हे सर्व रकाने वडिलांनी सुवाच्य अक्षरांत भरले होते. शेवटचा, सर्वांत मोठा रकाना मात्र कोराच होता. आपले मूल कोणी न सांगता, केवळ स्वतःच्या आनंदासाठी, गणितात काय करते ते तीनशे शब्दांत उदाहरणासह लिहावे, अशी त्यात सूचना होती.

"काका, तेवढा एक रकाना तुम्ही लिहून द्या," शेजारी म्हणाले. "तिला कोडी सोडवण्याचा नाद आहे, एवढंच सांगायचंय. ते एका ओळीत संपतं. तीनशे शब्द आणायचे कुठून?"

गौलीगुड्यात दुसऱ्याचा अर्ज लिहून देणे ही नवी गोष्ट नव्हे. निजामाच्या राजवटीत सरकारदरबारची भाषा उर्दू होती. ती ज्यांच्या हातात चांगली बसलेली असे, त्यांच्याकडे आपापली कामे घेऊन शेजारीपाजारी येत. पुढे उर्दूची जागा इंग्रजीने घेतली, पण 'जरा लिहून द्या' हे आर्जव तसेच राहिले. 'अर्ज' हा शब्दही मुळात अरबी. एखादी गोष्ट समोर ठेवणे, निवेदन करणे, हा त्याचा अर्थ. या मूळ अर्थाकडे आमचे लक्ष कधी गेले नव्हते. या एका रकान्याने ते वेधून घेतले. नोकरीच्या अर्जात आपण पात्रता समोर ठेवतो, सवलतीच्या अर्जात अडचण. येथे मात्र एका मुलीचे रमणे समोर ठेवावयाचे होते. आमच्या वाचकांपैकी अनेकांवर असा प्रसंग आला असेल, अनेकांवर येईल. म्हणून या रकान्याची हकीकत येथे सविस्तर देत आहोत.

पहिला मसुदा

वडिलांनी आपल्या परीने एक मसुदा केला होता. तो वाचून आम्हांला कौतुक वाटले आणि थोडी धास्तीही. मुलगी 'अत्यंत कुशाग्र' होती, 'लहानपणापासून चौकस' होती, तिची 'तर्कशक्ती असामान्य' होती, कोडी सोडविणे हा तिचा 'श्वास' होता. मध्येच एक वाक्य असे होते की, ती रुबिकचा ठोकळा एका मिनिटाच्या आत जुळविते.

मुलगी दाराशी उभी राहून ऐकत होती. त्या वाक्याशी ती थबकली.

"आजोबा, ते खरं नाहीये. तो दादा जुळवतो. मला ठोकळा आवडतसुद्धा नाही."

वडील किंचित ओशाळले. "अगं, कोण तपासायला येणार आहे? सगळेच असं लिहितात."

सगळेच असे लिहितात, हे अगदी खोटे नाही, आणि त्यातच या लेखनाचा पराभव आहे. शेकडो अर्जांत शेकडो मुले कुशाग्र, चौकस आणि असामान्य असतात, तेव्हा त्या विशेषणांतून कोणतेच मूल दिसत नाही. लग्नाच्या स्थळांच्या टिपणांत सर्व मुली गृहकृत्यदक्ष आणि सर्व मुले निर्व्यसनी असत, तसाच हा प्रकार. वाचणारा त्यावरून नजर फिरवितो आणि पुढे जातो. पण त्याहून मोठी हानी घरातच होते. अर्ज दूरच्या परीक्षकाकडे जातो खरा, परंतु त्याचा पहिला वाचक ते मूलच असते. आपण जे खरोखर करतो त्याला मोल नाही, जे करीत नाही ते लिहिले म्हणजे मोल येते, हा धडा त्याला आईवडिलांच्या अक्षरांत मिळतो. बारा वर्षांच्या वयात मिळालेला हा धडा सहजी पुसला जात नाही.

आम्ही मसुदा बाजूला ठेवला आणि मुलीला एवढेच विचारले, "तू खरोखर काय करतेस ते दाखव पाहू."

तिने एक वही आणली.

वहीत काय होते

त्या वहीची कथा आजीपासून सुरू होते. या मुलीची आजी लग्न होऊन आली तेव्हापासून गौलीगुड्यातच राहते. बसस्थानकाच्या त्या प्रचंड अर्धवर्तुळाकार लोखंडी छपराखाली बसची वाट पाहत उभे राहिले की, येणाऱ्या-जाणाऱ्या बसगाड्यांच्या क्रमांकांतील आकड्यांची बेरीज करण्याचा त्यांना नाद होता. बेरीज नऊच्या पाढ्यातली आली की दिवस चांगला जाणार, असा त्यांचा आपला एक खेळ. ते स्थानक आता नाही. लांबच्या गाड्या १९९४ साली इमलीबनच्या नव्या स्थानकावर गेल्या आणि जुने लोखंडी छप्पर ५ जुलै २०१८ रोजी पहाटे कोसळले. आजींचा खेळ मात्र नातीकडे आला. त्यातच कोठीच्या पदपथावरील जुन्या पुस्तकांच्या ढिगात कोड्यांचे एक पुस्तक मिळाले, आणि त्यात तिला कापरेकरांची संख्या भेटली.

ही संख्या आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. ज्यांना नसेल त्यांनी कागद-पेन्सिल घ्यावी. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, मात्र तिचे चारही अंक सारखे नसावेत. समजा, ३५२४ घेतली. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडले की ५४३२ होतात, चढत्या क्रमाने मांडले की २३४५. मोठीतून लहान वजा करा. उत्तर ३०८७. पुन्हा तेच करा : ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. पुन्हा एकदा : ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आता कितीही वेळा केले तरी ६१७४ हीच संख्या येत राहते. कोणत्याही संख्येने प्रारंभ केला, तरी फार तर सात पायऱ्यांत आपण ६१७४ पाशी येऊन थांबतो.

बहुतेक जण येथे "वा!" म्हणतात आणि पान उलटतात. या मुलीने पान उलटले नाही. तिला प्रश्न पडला की, चार अंकी संख्यांना असे एक घर आहे, तर दोन अंकींना का नसावे? तिने ७१ घेतली. ७१ वजा १७ म्हणजे ५४. ५४ वजा ४५ म्हणजे ९. आणि येथे ती अडली. ९ हा एकच अंक, आता उलटसुलट काय मांडणार? त्या पानावर खोडाखोड होती, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिले होते : 'चुकलं वाटतं.'

चार दिवस तिला वाटत राहिले की, आपली वजाबाकीच चुकते आहे. पाचव्या दिवशी ध्यानात आले की, पुस्तकातल्या उदाहरणात ०३७८ लिहिताना शून्याची जागा राखली होती. मग ९ हेसुद्धा ०९ असे लिहावयास हवे. ९० वजा ०९ म्हणजे ८१. त्यावरून ६३, मग २७, मग ४५, आणि पुन्हा ०९. गाडी कोठेच थांबेना. पाच स्थानके घेऊन ती गोल फिरत राहिली. वहीत तिने पाच संख्यांचे वर्तुळ काढले होते आणि खाली लिहिले होते : 'दोन अंकींना घर नाही, फुगडी आहे.'

मग तीन अंकी संख्या. तेथे तिला घर सापडले : ४९५. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढच्या पानावर होती. पहिल्याच वजाबाकीनंतर मधला अंक दरवेळी ९ येतो, हे तिच्या दृष्टीस पडले होते. का येतो, हेही तिने शोधले होते. आम्ही विचारताच ती भराभरा सांगू लागली : "दहंच्या घरात वर आणि खाली एकच अंक असतो ना, मधला मधलाच राहतो. पण एकंच्या घरात वरचा लहान, म्हणून तो दहंकडून उसना घेतो. मग दहं एकाने कमी पडतं, ते शतंकडून दहा आणतं. दहातून एक गेला, नऊ उरले. कुठलीही संख्या घ्या, नऊच!"

असेच पुढे जाऊन पहिल्या वजाबाकीचे उत्तर नेहमी ९९ च्या पटीत येते, आणि अशा उत्तरांची संख्या फक्त नऊ आहे, हेही तिने मांडले होते. ०९९ वरून ८९१, तेथून ७९२, मग ६९३, मग ५९४ आणि शेवटी ४९५, अशी उतरंड तिने वहीत काढली होती. उरलेल्या तीन संख्या, म्हणजे १९८, २९७ आणि ३९६, याच उतरंडीला येऊन मिळतात. शेकडो संख्या एकेक तपासण्याची गरज उरली नव्हती. नऊ तपासल्या की काम झाले.

वडील वहीकडे पाहत राहिले होते. त्यांनी ही पाने पाहिलीच नव्हती. मुलगी कोडी सोडविते एवढे त्यांना ठाऊक होते. ती कोडे सुटल्यावर काय करते, हे ठाऊक नव्हते.

ठाण्याचा विद्यार्थी, मद्रासचा कारकून

ज्यांच्या नावाची ही संख्या, त्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचे चरित्र या संदर्भात आठवण्यासारखे आहे. १९०५ साली डहाणूस जन्मलेला हा मुलगा ठाण्याच्या शाळेत शिकत असताना तासन्‌तास गणिती कोड्यांत रमत असे. पुढे पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात असताना, १९२७ साली, स्वतंत्र गणिती लेखनासाठीचे रँग्लर परांजपे पारितोषिक त्यांना मिळाले. १९२९ मध्ये ते पदवीधर झाले आणि मग १९३० ते १९६२ पर्यंत देवळालीस शाळामास्तर राहिले. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नाही. ६१७४ चे हे वैशिष्ट्य त्यांनी १९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत मांडले. आगगाडीच्या प्रवासाच्या वाटेवर, डोंबिवली स्थानकावर, ज्या संख्यांची कल्पना त्यांना सुचली, त्यांना त्यांनी त्या स्थानकाच्या जुन्या उच्चारावरून 'डेम्लो संख्या' असे नाव दिले. गौलीगुड्याच्या स्थानकावर आकड्यांची बेरीज करणाऱ्या आजींना आम्ही हे सांगितले, तेव्हा त्या मनापासून हसल्या.

कापरेकरांच्या या आकड्यांच्या खेळाकडे आपल्याकडील काही पंडितांनी क्षुल्लक म्हणून पाहिले. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा देवळालीच्या या निवृत्त शिक्षकाचे नाव जगभर गेले. १९८६ साली ते निवर्तले. पारितोषिक असो वा उपेक्षा, त्यांनी आपला नाद सोडला नाही, कारण तो कोणाला दाखविण्यासाठी धरलेला नव्हता. आपल्या मुलांच्या छंदाकडे पाहताना हे सूत्र विसरता कामा नये.

दुसरे उदाहरण श्रीनिवास रामानुजन यांचे. १६ जानेवारी १९१३ रोजी त्यांनी केंब्रिजच्या हार्डी यांना जे पत्र लिहिले, ते एक प्रकारे जगातील अत्यंत यशस्वी अर्जांपैकी एक होय. त्यात काय होते? आपण मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यात वर्षाला वीस पौंडांवर कारकून आहोत, विद्यापीठाचे शिक्षण झालेले नाही, शाळा सुटल्यापासून मिळेल तो वेळ गणितात घालविला आहे, एवढी साधी माहिती. आणि सोबत सूत्रांनी भरलेली पाने. त्या पानांनीच हार्डी आणि लिटलवुड यांना जागेवर खिळवून ठेवले, आणि पुढच्याच वर्षी, १९१४ मध्ये, रामानुजन इंग्लंडला पोहोचले. पूर्वी इतर दोन गणितज्ञांना लिहिलेली पत्रे मात्र निष्फळ ठरली होती, हेही ध्यानात ठेवावे. चांगल्या अर्जालाही योग्य वाचक भेटावा लागतो.

आपले मूल रामानुजन नव्हे, हे सांगावयास नको. पण पत्राची रीत सर्वांनाच घेता येईल. स्वतःविषयी थोडके, आणि केलेले काम भरपूर.

वाचणारा काय शोधतो

अशा उपक्रमांचा इतिहास पाहिला की हीच गोष्ट दिसते. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली बुद्धिमान मुलांसाठी ज्ञान प्रबोधिनी स्थापिली. पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने दिल्लीत विज्ञान-प्रतिभा शोधाची योजना आरंभिली, आणि तिच्यात लेखी परीक्षेच्या जोडीला विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या प्रकल्पाचा अहवाल व मुलाखत होती. १९८१ साली मुंबईच्या विज्ञान-शिक्षकांनी सुरू केलेल्या होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेतही लेखी व प्रात्यक्षिक परीक्षांच्या पुढे मुलाचे स्वतःचे कृती-संशोधन पाहिले जाते. अमेरिकेत आर्नल्ड रॉस यांनी १९५७ साली सुरू केलेले उन्हाळी गणित-शिबिर, किंवा १९८९ पासून बॉस्टन येथे चाललेले त्याच परंपरेतील 'प्रॉमिस' शिबिर, यांच्या अर्जासोबत काही प्रश्न दिलेले असतात. त्यांत नुसत्या उत्तराला महत्त्व नसते. काय करून पाहिले, कोणती उदाहरणे घेतली, कोणता तर्क केला, हे सर्व लिहावयाचे असते. उत्तर पूर्ण आले नाही तरी किती वाटचाल झाली ते सांगावे, अशीच अपेक्षा असते.

या सर्वांचा मथितार्थ आम्हांला असा वाटतो की, वाचणारा तीन गोष्टी शोधत असतो. पहिली, कोणी न सांगता मुलाने काय केले. दुसरी, अडल्यावर काय केले. तिसरी, सुटल्यावर पुढचा प्रश्न कोणता विचारला. पदके आणि गुण यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देत नाहीत. त्यांच्यासाठी अर्जात वेगळे रकाने असतातच.

म्हणून ज्या घरी असा रकाना भरावयाचा असेल, त्यांनी पाच-पंचवीस कोड्यांची यादी देऊ नये. एकच कोडे घ्यावे आणि ते पूर्ण सांगावे. कोडे कोठे भेटले, पहिला अंदाज कोणता होता, तो कसा फसला, किती दिवस फसलेलाच राहिला, मग काय ध्यानात आले, आणि अजून काय कळलेले नाही. 'अजून कळलेले नाही' हे लिहावयास पालक कचरतात. वस्तुतः ज्या शिबिरात शिकावयास जावयाचे, तेथे काही न कळलेले घेऊन जाणे हेच शोभणारे असते.

आणखी एक पथ्य. अर्ज पाठविल्यानंतर छंदाचे वेळापत्रक करू नये. 'रोज संध्याकाळी सहा ते सात कोडी' असा पाठ लावला की तो छंद राहत नाही, तो आणखी एक तास होतो. मुलाला कंटाळण्याची मुभा ठेवावी. जे मूल वही चार महिने मिटून ठेवते आणि पाचव्या महिन्यात आपणहून उघडते, त्याचाच छंद खरा.

कोणत्या भाषेत?

अर्ज इंग्रजीत लिहावयाचा होता. मुलगी इंग्रजी माध्यमात शिकते. शाळेत इंग्रजी, रस्त्यावर दखनी हिंदी, मैत्रिणींशी तेलुगू आणि घरी मराठी, असा तिचा दिवस असतो. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या कोणत्याही घरात याहून निराळे चित्र नसेल. आम्ही तिला म्हटले, तूच लिही. तिने जे इंग्रजी वाक्य लिहिले त्याचा अर्थ असा होता : मला कोडी आवडतात, कारण त्यांमुळे माझी तार्किक विचारशक्ती विकसित होते. हे वाक्य तिचे नव्हतेच. ते कोणत्याशा निबंधाच्या पुस्तकातून आले होते.

तेव्हा आम्ही एक युक्ती केली. आजींना समोर बसविले आणि म्हटले, आजीला समजेल असे सांग. मग 'उसना' आला, 'शतं' आले, 'फुगडी' आली. आजी मध्येच अडवून विचारीत, "अगं, पण शून्याला कशाला जागा द्यायची? ते तर काहीच नव्हे." नात वैतागून पुन्हा समजावी. त्या वैतागातून जे वाक्य आले ते त्या दिवसाचे सर्वांत स्वच्छ वाक्य होते : "काहीच नसलं तरी त्याची खुर्ची रिकामी ठेवावी लागते, नाहीतर बाकीचे चुकीच्या जागी बसतात."

तिने आजीला सांगितले ते आम्ही तसेच्या तसे मराठीत उतरवून घेतले आणि मग तिने ते स्वतः इंग्रजीत केले. वाक्ये लहान होती. दोनेक ठिकाणी व्याकरण लंगडे होते. एक चूक आम्ही सुधारली, एक तशीच राहू दिली, कारण ती सुधारताना वाक्य पुन्हा पुस्तकी होऊ लागले. 'फुगडी'ला इंग्रजीत शब्द सापडेना, तेव्हा तिने लिहिले की, दोन मुली हात धरून गोल फिरतात आणि कोणीच पुढे जात नाही, तसे. परीक्षकाला हे चित्र नवे वाटले असेल. आपल्या घरात ते शतकानुशतके आहे.

आपली भाषा मुलांच्या प्रगतीच्या आड येते, अशी समजूत परप्रांतातील मराठी घरांत हळूहळू रुजत चालली आहे. आमचा अनुभव उलट आहे. ज्या भाषेत मूल आजीशी वाद घालते, त्या भाषेत त्याचा विचार सर्वांत मोकळा असतो. अर्ज कोणत्याही भाषेत जावो, तो आधी त्या भाषेत सांगून पाहावा. पावकी-निमकीचे पाढे आता कोणी म्हणत नाही, परंतु 'दहं' आणि 'शतं' यांचे घर अजून आपल्याच ओसरीवर आहे.

वडिलांनी शेवटी रुबिकच्या ठोकळ्याचे वाक्य स्वतःच्या हाताने खोडले. त्या जागी त्यांनी काही लिहिले नाही. रकाना दोनशे ऐंशी शब्दांतच संपला आणि अर्ज रवाना झाला.

उत्तर आल्यानंतर

उत्तर उन्हाळ्याच्या तोंडाशी आले. यंदा जागा नाही, पुढील वर्षी पुन्हा अर्ज करावा, असे दोन ओळींचे सौजन्यपूर्ण पत्र होते.

घरात दोन दिवस शांतता होती. वडिलांच्या मनात काय आले असेल ते आम्ही ओळखून होतो. ठोकळ्याचे वाक्य राहू दिले असते तर? त्यांनी ते बोलून दाखविले नाही, याबद्दल आम्हांला त्यांचा आदर वाटतो. आम्हांलाही आपल्या सल्ल्याची टोचणी लागली होती. खरे लिहिले म्हणजे निवड होतेच, असे आश्वासन कोणीही देऊ शकत नाही. आम्हीही ते येथे देत नाही. जागा थोड्या असतात आणि मुले पुष्कळ.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगी अर्जाची प्रत घेऊन आमच्याकडे आली. आम्हांला वाटले, रडावयास आली असेल. तिने कागद पुढे केला आणि एका ओळीवर बोट ठेवले. तेथे तिने लिहिले होते : कोणतीही तीन अंकी संख्या घ्या.

"आजोबा, हे चूक आहे. ४४४ घेतली तर? ४४४ वजा ४४४ शून्य. ती ४९५ ला जातच नाही."

आम्ही ती ओळ किती वेळा वाचली होती! वडिलांनी वाचली होती, आईने वाचली होती, आजीने ऐकली होती. चार वडीलधाऱ्या माणसांपैकी एकाच्याही ध्यानात ते आले नव्हते. चार अंकी संख्यांच्या नियमात जी अट पुस्तकात छापलेली होती, ती तीन अंकींसाठी लिहावयाची राहून गेली होती.

"म्हणून नाही घेतलं असेल का?" आम्ही जरा भीतभीतच विचारले.

"माहीत नाही," ती म्हणाली. "पण चूक आहे ना."

तिने आमच्याच मेजावरील पेन्सिल घेतली आणि त्या ओळीच्या वर लिहिले : सर्व अंक सारखे नसावेत. मग तिने वही उघडली. नव्या पानावर पाच अंकी संख्या होत्या. त्या एकाच घरी जाऊन थांबत नाहीत, वेगवेगळ्या फेऱ्यांत अडकतात, एवढे तिला दिसू लागले होते. का, ते अजून कळले नव्हते.

पुढच्या वर्षीच्या अर्जासाठी रकाना आतापासूनच भरू लागला आहे. पण ते तिच्या ध्यानात नाही, आणि आम्हीही तिला सांगितलेले नाही.